वॉर्डातल्या रोजच्या कामाला भरवशाचा पुरावा शोधायचा कुठे? (नर्सिंग, प्रोटोकॉल, रिसर्च पेपर)

वेदगंगा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. निपाणी भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, शिक्षण जीएनएम. आमच्याकडे एनएबीएचच्या (हॉस्पिटलचा दर्जा तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) एंट्री लेव्हलची तयारी चाललीय आणि वॉर्डाचे सगळे प्रोटोकॉल नव्याने लिहायचं काम इनचार्ज सिस्टरनी माझ्या गळ्यात घातलंय. लिहायला ना नाही. पण तक्त्यात प्रत्येक कामापुढे 'आधार' असा एक रकाना आहे, तिथे घोडं अडलंय.

इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती बारीक नळी, म्हणजेच कॅन्युला) आम्ही तिसऱ्या दिवशी काढतो आणि दुसऱ्या हाताला नवीन घालतो. का? तर सगळीकडे तसंच करतात. पडून असलेल्या पेशंटच्या पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावतो. का? तर प्रॅक्टिकलला त्याला मार्क होते. बाळाच्या नाळेला काय लावायचं यावर आमच्याकडच्या तीन डॉक्टरांची तीन मतं आहेत, आणि चौथं मत बाळाची पणजी वाटीत घालून घेऊन येते.

गूगल केलं तर ज्या मताला पाठिंबा पाहिजे त्या मताला मिळतो. चॅटबॉटला विचारलं, त्याने लेखकांची नावं, वर्ष, पान नंबर सगळं देऊन झकास उत्तर दिलं. त्यातला एक पेपर उघडायला गेले तर तसा पेपर कुणी लिहिलेलाच नाही!

तेव्हा जाणकारांनी सांगा: पैसे न भरता नीट माहिती कुठे मिळते? मिळालेली खरी की खोटी कसं ओळखायचं? आणि परदेशातल्या वॉर्डात जे सिद्ध झालं ते आपल्याकडे तसंच्या तसं चालतं का?

---

कॅम्पातला

वाचतोय. बायको याच पेशात आहे, तिलाही धागा दाखवतो.

---

शिकवणारी_ताई

वेदगंगा, चांगला धागा. मी बेळगावात नर्सिंग शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावणार, आधीच सांगते.

गूगलवर गोंधळ होतो त्याचं अर्धं कारण प्रश्नात असतं. 'कॅन्युला केअर' असं टाकलं की जगभरातला पालापाचोळा येतो. प्रश्न चार तुकड्यांत पाडायचा: पेशंट कोण, आपण काय करणार, त्याऐवजी दुसरं काय करता येईल, आणि शेवटी कशात फरक पडायला हवा. याला पिको म्हणतात, बीएस्सीला असतं, परीक्षेनंतर कुणी वापरत नाही. तुमचा प्रश्न असा होईल: वॉर्डातला मोठा माणूस, कॅन्युला गरज वाटली तरच बदलणे, ठरलेल्या दिवशी बदलण्याऐवजी, शीर सुजण्यात आणि रक्तात जंतू जाण्यात फरक पडतो का?

आता हे पबमेडवर न्या. वैद्यकीय पेपर शोधायची साइट आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. शोध इंग्रजीतच टाकावा लागतो. 'पेरिफेरल कॅथेटर', मग मोठ्या अक्षरात 'अँड', मग 'फ्लेबायटिस' (शीर सुजणं), पुन्हा 'अँड', मग 'रिप्लेसमेंट'. शेकड्यांनी निकाल येतील, घाबरू नका. डाव्या बाजूला गाळण्या असतात. तिथे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू'वर टिचकी मारली की ढीग एकदम लहान होतो. मोबाइलवर त्या गाळण्या दडलेल्या असतात, फिल्टरचं बटण दाबावं लागतं. आपल्या मुली नेमक्या तिथेच 'काही सापडलं नाही' म्हणून सोडून देतात.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आधी पाहायचा, कारण त्यात एकच पेपर नसतो. त्या प्रश्नावर झालेले सगळे प्रयोग शोधून, कच्चे-पक्के पारखून एकत्र मांडलेले असतात. यात कॉक्रेनचं नाव मोठं. आर्ची कॉक्रेन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९७२ साली लिहून ठेवलं होतं की आपले कितीतरी उपचार कुणी नीट तपासलेलेच नाहीत. पुढे १९९३ मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या नावाने हे काम सुरू झालं. भारतात २००७ साली आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) खर्चाने कॉक्रेन लायब्ररी सगळ्या देशाला खुली झाली. प्रत्येक रिव्ह्यूबरोबर सोप्या भाषेतला सारांश असतो, तो तर जगात कुठूनही फुकट वाचता येतो. जीएनएम झालेल्या मुलीला तो सहज कळतो, इंग्रजीची धास्ती घेऊ नका.

तुमच्या इंट्राकॅथवरही कॉक्रेनचा रिव्ह्यू आहे, २०१९ मध्ये ताजा केलेला. ठरलेल्या दिवशी बदलली काय किंवा गरज पडली तेव्हा बदलली काय, शीर सुजण्यात ठळक फरक दिसत नाही. त्यातला मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१२ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय मासिकात आला होता. ३,२८३ पेशंट, दोन्ही गटांत सुजण्याचं प्रमाण ७ टक्के. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पेशंटला उगाच टोचायचं, आणि कॅन्युलाचे पैसे बिलात वर.

---

जुनी_मेट्रन

ताई, पेपर तुमचे बरोबर असतील. पण ऑस्ट्रेलियात सिस्टर दर शिफ्टला प्रत्येक हात बघून लिहून ठेवते. आमच्याकडे नाइटला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असतो. वर चिकटवलेली साधी पट्टी, खाली काय चाललंय दिसत नाही, पावसाळ्यात ती ओली होऊन सुटते. 'गरज वाटली तर बदला' म्हणजे आमच्याकडे 'कुणीच बघू नका' असा अर्थ होतो. तिसऱ्या दिवसाचा नियम आहे म्हणून निदान तिसऱ्या दिवशी तरी पट्टी उघडते.

पुस्तकाबाहेरही काही ज्ञान असतं, एवढंच.

---

निपाणीचा_ब्रदर

मेट्रनबाईंना +१. शंभर वेळा +१.

---

शिकवणारी_ताई

मेट्रनबाई, तुमची शंका हवेतली नाही, तिला छापील पुरावा आहे. जिनिव्हाच्या हॉस्पिटलात 'गरज वाटली तर' असा नियम केला, आणि कॅन्युलावाटे रक्तात जंतू जाण्याच्या केसेस वाढल्या. पुन्हा ठरावीक दिवशी बदलायला लागले तेव्हा खाली आल्या. २०२१ मध्ये हे छापून आलं. जिनिव्हा म्हणजे काही आपली नाइट ड्युटी नव्हे, तरी तिथेही हे झालं.

म्हणून वेदगंगाच्या रकान्यात मी असं लिहीन: दर शिफ्टला साइट बघून चार्टवर नोंद, दुखणं, लाली, सूज, गळती यातलं काही दिसलं किंवा कॅन्युलाचं काम संपलं की त्याच क्षणी काढणे, पट्टी पारदर्शक. आणि जिथे अशी नोंद होण्याची खात्री नाही तिथे ७२ ते ९६ तासांचा नियम चालू ठेवणे. आधार म्हणून दोन्ही लिहायचे, कॉक्रेन २०१९ आणि जिनिव्हा २०२१. एनएबीएचवाल्याला उलट आवडेल.

वेदगंगाच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. प्रयोगात पेशंटभोवती काय काय होतं, किती नर्स होत्या, कोणती पट्टी होती, हे 'मेथड्स'मध्ये असतं. लोक सारांश वाचून थांबतात.

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

अथणीकडे प्रॅक्टिस करतो. परदेशी पुरावा आपल्याला लागू पडतो का, हे विचारणाऱ्यांना मी नेहमी उलट विचारतो: आपल्या जिल्ह्यात तयार झालेला पुरावा जगाला लागू झाला, तो तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना नसतो. बेळगावच्या माणसाला कुंद्याचा इतिहास तोंडपाठ, पण हे नाही.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतली विद्यापीठं मिळून. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला हात लागतो. तेव्हा घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण झालं तर एएनएमने (उपकेंद्रातल्या सिस्टरने) मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या तर उपयोग होतो का, असा प्रश्न. १,६२० बायका. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधी गोळी. कोणाला काय मिळालं ते ना एएनएमला माहीत, ना बाळंतिणीला. २००६ मध्ये लॅन्सेटला छापून आलं.

आता आकडे वाचायला शिका, कारण फसवाफसवी इथेच होते. बिनऔषधी गोळीच्या गटात १०० पैकी १२ जणींना ५०० मिलीच्या वर रक्तस्राव झाला. औषधाच्या गटात ६.४ जणींना. औषध कंपनीचा माणूस म्हणेल 'जवळजवळ निम्मा धोका कमी'. खोटं नाही. पण तुम्ही वजाबाकी करा: १२ वजा ६.४ म्हणजे ५.६. १०० ला ५.६ ने भागा, १८ येतात. अठरा जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. आणि एक लिटरच्या वरचा स्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आला. शंभरात एक. खेड्यात, रात्री, जिथून तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडतं, तिथे शंभरात एक म्हणजे काय ते मी सांगायला नको.

पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत याच कामासाठी मिसोप्रोस्टॉल घातलं. एकट्या आपल्या प्रयोगामुळे नव्हे, पण त्यात याचं वजन होतं.

---

खानापूरची_आक्का

डॉक्टर म्हणत्यात ते खरं हाय बगा. मी रिटायर एएनएम. त्या गोळीनं बायकांस्नी थंडी वाजून ताप यायचा, तासा-दोन तासांत उतरायचा. घरातली माणसं घाबरायची, 'काय दिलीसा वो सिस्टर' म्हणून अंगावर यायची. आदीच सांगून ठेवल्यालं बरं. तुमच्या कागदात ह्ये लिवा, न्हाईतर नव्या पोरी ताप बगून सलाईन लावत बसतील.

आनि त्यो प्लास्टिकचा पदर! त्येच्यावर कुणी लिवलं न्हाई काय?

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

आक्का, लिहिलंय हो, लिहिलंय. आणि थंडीतापाचं म्हणता तेही त्याच पेपरात आहे.

ज्यांना पदर माहीत नाही त्यांच्यासाठी: बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचा प्लास्टिकचा पदर, त्याला खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलीच्या खुणा. हा पदर बेळगावच्या याच प्रयोगासाठी बनवला, कारण रक्त मोजायचं कशाने हाच मोठा पेच होता. नंतर जिल्हा रुग्णालयात १२३ बाळंतपणांत तपासलं, नजरेने अंदाज केला तर काय येतं आणि पदराने मोजलं तर काय येतं. नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी निघाला. अनुभवी माणसांचा अंदाज बरं का. जमिनीवर, चादरीवर, बोळ्यांत किती मुरलं ते डोळ्याला कळतच नाही.

आता याला सतरा वर्षांनी जोड मिळाली. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत ई-मोटिव्ह नावाचा प्रयोग झाला. मोजपट्टीचा पदर लावायचा, आणि आकडा चढला की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे एकामागून एक न करता एकदम सुरू करायचं. गंभीर परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आले. आणि रक्तस्राव वेळेत ओळखला गेला ९३ टक्के वेळा. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. म्हणजे निम्म्या केसेस कुणाच्या लक्षातच येत नव्हत्या.

वेदगंगा, लेबर रूमच्या प्रोटोकॉलमध्ये 'ब्लड लॉस: ॲप्रॉक्स' असा रकाना असेल तर आधी तो काढून टाक.

---

वेदगंगा

आहे! तसाच आहे, 'ॲप्रॉक्स'. आणि बहुतेक फायलींत एकच आकडा, २०० मिली. उद्याच बोलते.

आक्का, तुम्ही लिहीत राहा इथे.

---

शेवटच्या_वर्षाची

मध्येच विचारते, राग मानू नका. एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध चाललाय. मला रोज मेल येतात, 'आदरणीय प्रोफेसर, तुमचा बहुमोल लेख पाठवा, तीन दिवसांत छापू'. मी अजून प्रोफेसर काय, नोकरीलाही नाही. दोन मैत्रिणींनी पैसे भरून छापले पण. अशा मासिकांतले पेपर संदर्भाला चालतात का? आणि चांगले पेपर उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात, त्याचं काय करायचं?

---

शिकवणारी_ताई

बाळ, तीन दिवसांत छापणार म्हणजे कुणी वाचणार नाही, हे उघड आहे. मासिकाचं नाव नामांकित मासिकासारखंच, एखादा शब्द इकडचा तिकडे. पत्ता लंडनचा आणि फोन भलतीकडचा. 'इम्पॅक्ट फॅक्टर' कुणी तरी भलत्याच संस्थेने दिलेला. यूजीसीची केअर नावाची मान्य मासिकांची यादी होती, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करायची. मासिक मेडलाइनमध्ये, म्हणजे पारखून घेतलेल्या मासिकांच्या सूचीत, आहे का ते पाहा. पबमेडवर दिसलं म्हणजे मेडलाइनमध्ये आहेच असं नाही. अमेरिकेच्या त्याच ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये मासिकाचं नाव टाकलं की कळतं. खुल्या मासिकांसाठी डीओएजे नावाची यादी आहे, ती पाहा.

आणि प्रबंधाला चाळीस संदर्भ पाहिजेत म्हणून चाळीस गोळा करू नकोस. मी तपासते तेव्हा पहिली पाच मुळातून वाचलीत का तेवढंच विचारते. बहुतेक पोरी तिथेच गळतात.

पैशांचं: पबमेडवर 'फ्री फुल टेक्स्ट'ची गाळणी आहे. पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर फुकट असतात. ब्राउझरला अनपेवॉल जोडून ठेव, कुठे कायदेशीर फुकट प्रत असेल तर ते दाखवतं. कॉलेज राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाशी संलग्न असेल तर हेलिनेट (विद्यापीठाचं ऑनलाइन ग्रंथालय) मिळतं, ग्रंथपालाला पासवर्ड माग. लाजू नकोस, ते त्याचंच काम आहे. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू झाली, पण ती सरकारी संस्थांना. खाजगी कॉलेजातल्या मुलींना सध्या तिचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडची बहुतेक नर्सिंग कॉलेजं खाजगीच. काहीच नाही जमलं तर पेपरावर लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहायच्या. बरेच जण पीडीएफ पाठवतात, काही जण तर खूश होतात.

---

कॅम्पातला

बायको विचारतेय, मोठ्या मासिकात आलं म्हणजे डोळे मिटून घ्यायचं का?

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

वहिनींना सांगा, अजिबात नाही. २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्येच हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर पेपर आला, हजारो कोविड पेशंटांची माहिती घेतली म्हणून. ती माहिती बघू म्हटलं तर कंपनी दाखवेना. ४ जूनला पेपर मागे. दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत, पण तेवढ्यात जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रयोगात ते औषध देणं थांबवलं होतं. मागे घेतलेल्या पेपरावर पबमेड लाल पट्टी दाखवतं. जुनी प्रिंट काढून ठेवलेल्याला ती कशी दिसणार? म्हणून वापरण्याआधी पेपर पुन्हा एकदा उघडून बघायचा.

---

वेदगंगा

नाळेचं राहिलं. आमच्याकडे एक डॉक्टर क्लोरहेक्सिडिन म्हणतात, एक स्पिरिट, एक काहीच नको. आजी-पणजी हळद-तेल, कुणी चुलीतली राख.

---

शिकवणारी_ताई

हा तर माझा आवडता विषय, वर्गात हाच घेते.

क्लोरहेक्सिडिनचा प्रयोग नेपाळात झाला, २००६ मध्ये लॅन्सेटला आला. नाळेला लावल्याने बाळांचे मृत्यू कमी झाले. मग बांगलादेश आणि पाकिस्तानातून २०१२ मध्ये त्याच अंगाने जाणारे निकाल आले. सगळे म्हणाले, झालं सिद्ध. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, घरी बाळंतपण आणि बालमृत्यू जास्त असतील तिथे पहिला आठवडा रोज लावा. मग २०१६ मध्ये झांबिया आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावरचे मोठे प्रयोग आले. मृत्यूंत फरक नाही!

खोटं कुणीच बोलत नव्हतं. माणसं वेगळी, बाळंतपणाची जागा वेगळी, नाळेला आधी काय लावत होते ते वेगळं. संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात आता असं आहे: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, बस. क्लोरहेक्सिडिन फक्त अशा ठिकाणी, जिथे शेणासारखे अपायकारक पदार्थ लावण्याची सर्रास चाल आहे.

तेव्हा हॉस्पिटलात झालेल्या बाळाला काहीच नको, कोरडी ठेवायची. तिन्ही डॉक्टरांना २०२२ चं पान दाखवा, ते संघटनेच्या साइटवर फुकट आहे. एखाद्या घरात राख-शेण लागणारच अशी खात्री असेल तर बालरोगतज्ज्ञाशी बोलून क्लोरहेक्सिडिनचा विचार. आणि दिलंच तर बाटली हातात देताना डोळ्यात घालायचं नाही हे दोनदा सांगायचं. आफ्रिकेतल्या काही देशांत ते डोळ्याचे थेंब समजून घातलं गेलं आणि बाळांचे डोळे गेले, त्यावर संघटनेला इशारा काढावा लागला.

---

खानापूरची_आक्का

आनि पणजीबाईस्नी वरडू नका. 'आज्जी, नाळ सुकू दे, तेल बाळाच्या अंगाला लावा की' म्हनायचं. तिच्या हाताला काम मिळालं की ती नाळंकडं जात न्हाई.

---

जुनी_मेट्रन

हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये घाला. खरंच सांगते.

---

निपाणीचा_ब्रदर

पाठीचं कुणी बोलेना. रोज सकाळी स्पिरिट-पावडरचा ट्रे घेऊन मीच फिरतो. बंद करू का?

---

शिकवणारी_ताई

करा. बेडसोरवर युरोप, अमेरिका आणि पॅसिफिकच्या संस्थांनी मिळून २०१९ मध्ये मार्गदर्शन काढलंय, त्यात धोका असलेली कातडी जोराने चोळू नका असं स्पष्ट आहे. हाडावरची कातडी आतून आधीच दबलेली असते, चोळून आणखी फाटते. स्पिरिटने ती कोरडी पडते. लघवी-संडास झाली की लगेच पुसून, सौम्य साबणाने स्वच्छ करून, कोरडं करून साधं मॉइश्चरायझर लावायचं. ती गोल हवेची रिंगही काढा. मधला भाग वाचतो आणि कडेला दाब बसतो.

कूस दर दोन तासांनीच बदलायची का, यावरचा पुरावा मात्र कच्चा आहे. कॉक्रेनने २०२० मध्ये तसं म्हटलंय. पण पुरावा कच्चा म्हणजे कूस बदलू नका असं नव्हे. प्रयोग पुरेसे झाले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पेशंट किती हलतो आणि गादी कोणती यावर अंतर ठरवायचं. 'दोन तास' लिहायचं असेल तर लिहा, फक्त पुढे 'कमी दर्जाचा पुरावा' असंही लिहा. रिव्ह्यूत प्रत्येक निष्कर्षापुढे दर्जा दिलेला असतो: उच्च, मध्यम, कमी, अगदी कमी. तोही रकान्यात उतरवत जा.

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

अवांतर: कॉक्रेनच्या बोधचिन्हात मधोमध आडव्या रेघा आहेत. मुदतीआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळं वाचतात, हे सांगणाऱ्या सात प्रयोगांच्या त्या रेघा. पण त्यातही मेख आहे, आणि तीही बेळगावची. हेच इंजेक्शन खेड्यापाड्यात, खालच्या पातळीपर्यंत सरसकट नेलं तर काय होईल म्हणून सहा देशांत प्रयोग झाला, त्यात बेळगाव आणि नागपूरही होते. २०१५ मध्ये निकाल आला: अगदी लहान बाळांना फायदा नाही, आणि एकूण हजारामागे ३.५ नवजात मृत्यू उलट जास्त. नंतर २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या २९ हॉस्पिटलांत, जिथे बाळ किती आठवड्यांचं आहे ते सोनोग्राफीने पक्कं केलं आणि नवजात बाळाची सोय होती, तिथे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले.

औषध तेच. म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरने मोठ्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल झेरॉक्स काढून लावू नये.

---

वेदगंगा

सगळ्यांचे आभार. आज बसून चार कामांचा रकाना भरला. इंट्राकॅथला दोन्ही आधार, नाळेला २०२२, पाठीला २०१९, ब्लड लॉसला पदर. पदराची मागणी स्टोअरला दिलीय. किंमत ऐकून मॅनेजरनी भुवया वर केल्या, मग डॉक्टरांचा ९३ आणि ५१ चा आकडा पुढे केला. 'बघू' म्हणालेत.

आधाराच्या शेजारी आणखी एक रकाना मी स्वतः जोडला, 'पुन्हा कधी बघायचं'. सगळीकडे एक वर्ष टाकलंय.

---

शिकवणारी_ताई

एक वर्ष ठीक. पबमेडवर फुकट खातं उघडून शोध साठवून ठेवता येतो, नवीन पेपर आला की मेल येते. तेवढं करून टाका, म्हणजे वर्षाची वाट बघायला नको.

---

निपाणीचा_ब्रदर

लहान पोराला ताप आला की ओल्या फडक्याने पुसायचं, ते पण रकान्यात आहे काय वो?

---

वेदगंगा

पुढच्या पानावर आहे. ताई?

---

शिकवणारी_ताई

ब्रिटनच्या नाइस या उपचारांचं मार्गदर्शन काढणाऱ्या संस्थेचं पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापावरचं मार्गदर्शन उघडा, फुकट आहे. कोमट पाण्याने पुसणं सुचवत नाही, असंच लिहिलंय. पॅरासिटामॉलही नुसता आकडा उतरवायला नाही, पोर बेचैन असेल तर.

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

फक्त उन्हाळ्यात उसाच्या फडातून उष्माघाताचा पेशंट आला तर हा कागद बाजूला ठेवायचा. तिथे अंग थंड करणं हाच उपचार आहे, आणि तोही ताबडतोब. त्याला वेगळं पान करा, एकाच रकान्यात घालू नका.